वातुकुरुंगची चौकशी

नेकारसुल्म, १२ ऑक्टोबर २००३

चि. मालविका हिस अनेक आशीर्वाद.

उत्तर द्यायला फार उशीर झाला, राग मानू नकोस. तुझं पत्र सप्टेंबरातच मिळालं होतं. पण त्या आठवड्यात आपली केअरवोख होती, जिना झाडायची पाटी आपल्या दाराला. फ्राऊ शॉयफेले चष्मा लावून पायऱ्या बघतात हे तुला माहीत आहे. पाटी दाराला असताना मला दुसरं काही सुचत नाही. मग पाटी त्यांच्या दाराला गेली, तर शमिकाला सर्दी झाली. सर्दी गेल्यावर लिहायला बसलो, तर तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि काळजीने हात चालेना. आज लिहितो आहे.

प्रथम शमिकाचं. ती बरी आहे. जेवते. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. "शमे, डबा संपवलास का?" "पास्ट शोन, आबा." म्हणजे संपवला असं मी धरतो. तू खालच्या गावात उतरून फोन करतेस तेव्हा ती दार लावून बोलते आणि नंतर मला "आलेस गूट", सगळं ठीक, एवढंच सांगते. मी फोनवर येत नाही म्हणून तू रागावलीस म्हणे. मला फोनवर सुचत नाही. इतक्या लांबून बोलणारं माणूस श्वास घ्यायला थांबलं तरी मला वाटतं काहीतरी झालं.

आता तुझ्या वस्तीचं. तू लिहितेस, वातुकुरुंग ही जावा बेटावर डोंगराच्या धारेवरची साठेक घरांची वस्ती आहे, लोक बटाटा आणि कोबी पिकवतात, आणि मागच्या डोंगरातून धूर निघतो. पुढे लिहितेस, 'लोक म्हणतात, तो नेहमीच निघतो.' लोक कशाच्या आधारावर म्हणतात? ज्यांना वेगळा अनुभव आला ते सांगायला राहिले नसतील.

तुझ्या ऑफिसने तुला तिथली माती का वाहून जाते ते बघायला पाठवलं आहे. उतार आहे म्हणून वाहून जाते. मी सातवी नापास, गाडीच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर, पण एवढं इथे बसून सांगू शकतो. त्यासाठी दहा महिने बारा वर्षांच्या मुलीला सोडून जायला हवं होतं का, असं मी विचारणार होतो. विचारत नाही. तू माझा समर गेल्यापासून घर आणि नोकरी दोन्ही ओढलीस, मी बघितलं आहे.

मुजोनो नावाचे मास्तर तुला लोकांचं बोलणं इंग्रजीत सांगतात, ते विधुर आहेत, शाळा सुटली की स्वतःचा बटाटा बघतात, असं तू अर्धं पान लिहिलं आहेस. चांगला माणूस दिसतो. त्यांना आपल्याकडून काही देतेस का? कुणाचं फुकट घेऊ नये.

समर असता तर ही चौकशी त्याने केली असती. त्याला जाऊन येत्या मार्चला पाच वर्षं होतील. तुझ्या सासूबाई त्याच्याही आधी गेल्या. घरात मोठा मीच उरलो, म्हणून विचारतो. घरं कशाची आहेत, पाणी कुठून येतं, डॉक्टर किती लांब, दाराला आतून कडी आहे का, लोक कोणत्या देवाचे, सगळं सविस्तर लिही. शमिका शाळेत गेली की मला काम नसतं, आणि काम नसलं की मला तो धूर दिसायला लागतो.

तुझा,
आबा

—

वातुकुरुंग, ९ नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बटाट्याच्या ट्रकने वर आलं. इथे पोस्टमन येत नाही. ट्रक बटाटे घेऊन खाली जातो आणि येताना खत, रॉकेल आणि पत्रं आणतो. माझ्या पत्राला खताचा वास आला असेल तर ते त्यामुळे.

धुराबद्दल मी पाक वारसितोंना विचारलं. ते वस्तीचे प्रमुख. 'पाक' म्हणजे आपल्याकडचं 'राव' समजा. त्यांना तुमचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "तुझे आबा बरोबर बोलतात." आणि परत कोबीत गेले.

उतारामुळे माती वाहते हे खरं आहे, आबा. किती वाहते ते मोजायला मी आले आहे. इथे चर वरून खाली उभे काढतात. आडवे काढले तर पाणी साठून बटाटा कुजतो. उभ्या चरातून पाणी जातं आणि मातीही जाते. मी पाक वारसितोंना नकाशा काढून दाखवला की तुमची माती दर पावसाळ्यात खालच्या शेतात चालली आहे. त्यांनी नकाशा उलटसुलट बघितला. "खालचा माझा साडू आहे," म्हणाले. "माती घरातच आहे."

माणसंही पडतात. कुणी पडल्याचं कळलं की पहिला प्रश्न, "कुणाच्या शेतात?" कारण ज्याच्या शेतात पडला त्याने त्याला जेवायला घालायचं, अशी पद्धत आहे. पाक वारसितोंचा एक चुलत भाऊ नेहमी चांगला स्वयंपाक असलेल्या घराच्याच वर पडतो असं म्हणतात.

घरं विटांची, वर पत्रा. पाणी झऱ्यावरून बांबूच्या नळाने येतं आणि बर्फासारखं असतं. तुम्हाला वाटत असेल विषुववृत्ताजवळ म्हणजे उकाडा. इथे दुपारी धुकं चढतं, सगळे खांद्यावरून लुंगी पांघरून फिरतात, आणि मी तुमची राखाडी कानटोपी घालते. डॉक्टर खाली, ट्रकने दोन तास. कडी आहे, पण लावली की शेजारीण काळजीने येऊन ठोठावते.

लोक हिंदू आहेत, फार जुन्या काळापासून. पण आपल्यासारखे नाहीत. गणपती ओळखतात, मोदक ओळखत नाहीत.

एक गंमत सांगते. प्रत्येक घरात पुढच्या खोलीत चांगला सोफा असतो, त्यावर प्लास्टिक. त्यावर कुणी बसत नाही. मी आले त्या दिवशी पाक वारसितोंच्या बायकोने, बू वारसितोंनी, हात धरून मला सोफ्यावरून उठवलं, थेट स्वयंपाकघरात नेलं, चुलीजवळ बसवलं आणि पातीचे कांदे निवडायला दिले. आता रोज संध्याकाळी मी तिथेच असते. म्हणतात, "तू आमच्या चुलीची झालीस."

शमिकाला सांगा, शास्त्राचा पेपर दिला की मला मार्क कळवायचे. 'आलेस गूट' चालणार नाही.

तुमची,
मालविका

—

नेकारसुल्म, २ डिसेंबर २००३

चि. मालविका हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वास फार नव्हता.

मी पत्र तीन वेळा वाचलं आणि शमिकाच्या हाती लागू नये म्हणून डाळीच्या डब्यामागे ठेवलं. तिला मी काही सांगितलेलं नाही. ते तू तुझ्या तोंडाने सांगावंस.

मालविका, माझं कशालाच ना नाही, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुला धडधड होणार नाही. तू छत्तीस वर्षांची आहेस. समरच्या मागे तुझ्या अंगावर जबाबदारी पडली, तू तोंडातून शब्द काढला नाहीस. उद्या तू दुसरं घर केलंस तर मला वाईट वाटणार नाही. वाटलं तर मी ते दुपारी वाटून घेईन, शमिका शाळेत असताना.

पण रीत म्हणून काही असतं. पाहुण्याला ओसरीवर बसवतात. चुलीजवळ सुनेला बसवतात. तुझ्या सासूबाई लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा आईने त्यांना पूजा होईपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि मग पहिलं काम दिलं ते कांदे निवडण्याचं. 'तू आमच्या चुलीची झालीस' हे वाक्य एखादी बाई सहज बोलत नाही. तू शिकलेली आहेस, तुझ्या लक्षात आलं नसेल. त्या बाईच्या लक्षात आहे.

तेव्हा चौकशी करणं मला भाग आहे. तुझे आईवडील नाहीत, आणि तुझा भाऊ चारुदत्त पुण्यात बसून काय चौकशी करणार? पुढच्या गोष्टी कळव. वारसितोंच्या घरात लग्नाचा मुलगा कितवा आहे? जमीन त्याच्या नावावर आहे का एकत्र? भाऊ किती, वेगळे राहतात का? घराण्यात कुणाला कोड, फेपरं, वेड? कोर्टकचेरी? मुलगा दारू पितो का, आणि पीत असेल तर त्यानंतर उतारावर जातो का? बू वारसितो बोलायला कशा आहेत? सासू चांगली असेल तर बाकीचं निभतं.

माझी काळजी करू नकोस. नदीपलीकडे जे आल्टर्सहाइम आहे तिथे मी परवा सहज जाऊन आलो. म्हाताऱ्या लोकांची चांगली सोय आहे. एक बाई माहितीपत्रक घेऊन माझ्याशी फार मोठ्याने बोलली. मी म्हटलं, मला ऐकू येतं. ती म्हणाली, "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, आणि आणखी मोठ्याने बोलली. शुक्रवारी माउलटाशन असतात, म्हणजे मांस भरलेल्या उकडलेल्या करंज्या. मी शाकाहारी आहे हे सांगितल्यावर तिने ते लिहून घेतलं. शमिका तुझ्याकडे आली की मला काय, एक खोली पुरे.

आणखी एक. पहिल्या पत्रात मुजोनो मास्तर अर्धं पान होते. या पत्रात त्यांचं नावही नाही. ते आजारी तर नाहीत ना? डोंगरावर विधुर माणसाचं बघायला कुणी नसतं. चौकशी कर.

तुझा,
आबा

—

वातुकुरुंग, ४ जानेवारी २००४

तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी चुलीजवळच होते, आणि मला इतका ठसका लागला की बू वारसितोंनी पाठीवर बुक्के मारले.

आबा, इथे सगळेच चुलीजवळ बसतात. थंडी असते म्हणून! कोबीचा व्यापारी बसतो, बियाणं विकणारा बसतो, सरकारी माणूस जनगणनेला आला तोही बसला. ऑक्टोबरात आमचे जर्मन प्रोफेसर आले होते, ते इतके जवळ बसले की त्यांची पँट गुडघ्यावर जळली. त्यांनाही कांदे दिले होते. त्यांनाही म्हणाल्या, "तुम्ही आमच्या चुलीचे झालात." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. ते काही त्या घरची सून झाले नाहीत.

वारसितोंच्या घरात लग्नाचा मुलगा एकच आहे. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याचं मोटरसायकलवर प्रेम आहे.

तरी तुम्ही विचारलंत म्हणून वस्तीचं सांगते. जमीन बाहेरच्या माणसाला विकत नाहीत. वाटण्या आईबाप जिवंत असतानाच होतात, मुलींनाही मिळते. कोर्टात कुणी गेलेलं नाही. भांडण झालं तर दोघांना एकाच चुलीजवळ बसवतात आणि धूर सहन न होऊन जो आधी उठतो तो हरला. वर्षाच्या सणाला प्रत्येकाने प्रत्येक घरी जायचं आणि प्रत्येक घरी जेवायचं. नाही जेवलं तर ते घर वर्षभर विचारतं, आमचं काय चुकलं? मी एका दिवसात अकरा घरी जेवले. बाराव्या घरी मी रडले. त्यांना वाटलं, मला घरची आठवण आली, म्हणून आणखी वाढलं.

मास्तर बरे आहेत.

आल्टर्सहाइमचं माहितीपत्रक कचऱ्यात टाका. कागदाच्या डब्यात, नाहीतर फ्राऊ शॉयफेले येतील.

तुमची,
मालविका

—

नेकारसुल्म, २५ जानेवारी २००४

चि. मालविका हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि मी उभ्यानेच लिहितो आहे. घात झाला.

तुझ्या उत्तराची वाट बघत मी डिसेंबरात बसलो होतो. उत्तर येईना. मला वाटलं, लाजेने लिहीत नाही. मुलीकडच्यांनी उशीर केला तर समोरच्याला वाटतं, यांना गरज नाही. म्हणून मी नाताळाच्या आधी पाक वारसितोंना सरळ पत्र लिहिलं. मी मराठीत सांगितलं, शमिकाने इंग्रजीत लिहिलं. तिला म्हटलं, आईच्या कामाचं आहे. ती लिहिता लिहिता एकदा माझ्याकडे बघून "एख्ट येत्स्ट?" म्हणाली, म्हणजे खरंच का, असं. मी म्हटलं, लिही.

मी काय लिहिलं ते सांगतो, म्हणजे तू तयारीत राहशील. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, विधवा आहे, एक मुलगी आहे, हे आधीच सांगतो, मागाहून तक्रार नको. डोकं गरम आहे, पण पटकन निवतं. भाकरी गोल येत नाही. आजाऱ्याचं मनापासून करते. माझी बायको शेवटचं वर्षभर अंथरुणावर होती, तिचं हिने केलं, आणि मुलगा गेल्यावर माझं केलं. तिला कुणी टाकून बोललं तर ती उत्तर देत नाही, रात्री भांडी फार जोरात घासते. ते ऐकू आलं तर समजून घ्यावं. तुमच्या घरात तिच्या वयाला शोभेल असा मुलगा असेल तर नाव कळवावं, आणि तो कसा आहे ते खरं कळवावं.

हे सगळं लिहिलं. सही माझी आहे. पत्र अजून ट्रकमध्ये असेल तर ड्रायव्हरला काहीतरी सांगून काढून घे. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आईला असं पत्र मिळालं तर ती काय म्हणेल? आणि आता तुझं तिथे काम कसं होणार? तुला परत यावं लागलं तर ये, आपण काहीतरी बघू.

आणखी एक. मी विचारलं एवढं आणि तू लिहितेस, 'मास्तर बरे आहेत.' बू वारसितोंचा बुक्कासुद्धा तू सविस्तर लिहिलास. बरा असलेला माणूस तीन शब्दांत मावतो का? मला नीट कळत नाही, पण आज मला झोप येणार नाही.

तुझा,
आबा

—

वातुकुरुंग, १५ फेब्रुवारी २००४

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

पत्र काढून घेता आलं नाही. तुमचं हे पत्र पोचायच्या आधीच ते पोचलं होतं. काय झालं ते सगळं सांगते.

ट्रक दुपारी आला. धुकं होतं, शेतावर काम नव्हतं, त्यामुळे वारसितोंच्या चुलीभोवती दहाबारा माणसं. जर्मनीहून पाक वारसितोंच्या नावाने पत्र आलं म्हणून ते हातात धरून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "गुरूला बोलवा." इथे मास्तरला गुरूच म्हणतात. मुजोनो आले, लुंगीला हात पुसले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लागले, एक वाक्य इंग्रजीत, एक त्यांच्या भाषेत. मी कांदे निवडत होते. मला वाटलं, तुम्ही बियाण्याचं काही विचारलं असेल.

विधवा आहे, तिथे माझ्या लक्षात आलं. मी उठले. बू वारसितोंनी माझा हात धरला आणि खाली बसवलं. "बस, तुझ्या आबांचं पत्र आहे, पूर्ण ऐक."

डोकं गरम आहे, यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. भाकरी म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. कोबीच्या पानाएवढी, म्हटलं. मग ती गोल का हवी, यावर थोडी चर्चा झाली. तुम्ही सासूबाईंचं लिहिलं आहे तिथे मुजोनोंचा आवाज जरा कमी झाला. भांड्यांच्या वाक्याला ते थांबले. पाक वारसितो म्हणाले, "वाच ना, गुरू." ते म्हणाले, "वाचतो." पण वाचेनात. मग शेवटचं वाक्य त्यांनी चुलीकडे बघत एकदमच वाचून टाकलं, तुमच्या घरात तिच्या वयाला शोभेल असा मुलगा असेल तर नाव कळवावं.

 पाक वारसितोंनी आपल्या मुलाकडे बघितलं. तो मोटरसायकल धुवायला निघून गेला. मग ते म्हणाले, "आमच्या घरात नाही. पण पत्र ज्याने वाचलं त्याच्या घरात आहे. त्याचं नाव कळवू का?"

मुजोनो म्हणाले, "ते तिने सांगायचं."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आबा. माझ्या हातात कांदे होते. मी म्हटलं, "आबांना मीच कळवते."

तर कळवते. तुम्ही तो माणूस आजारी आहे का विचारलंत, तेव्हाच मला कळलं होतं की मी कुठे काय गाळते आहे. पहिल्या पत्रात अर्धं पान लिहिताना माझ्या मनात काही नव्हतं, म्हणून लिहिता आलं. नंतर लिहायला बसलं की त्यांचंच नाव यायचं आणि मी ते वाक्य सोडून द्यायची. ते एक्केचाळीसचे आहेत. बायको बाळंतपणात गेली, मूल राहिलं नाही, त्याला नऊ वर्षं झाली. दारू पीत नाहीत. कोड, फेपरं नाही. हसतात उशिरा, जोक झाल्यावर दोन मिनिटांनी, आणि मग बराच वेळ. सासू नाही. बटाटा यंदा बरा आहे.

आता अवघड ते. ऑफिसने मला आणखी दोन वर्षं विचारलं आहे. सहा महिने इथे, सहा महिने तिकडे नमुने तपासायला. मी होकार दिलेला नाही. मुजोनो शाळा सोडून तिकडे येऊ शकत नाहीत, इथे दुसरा मास्तर नाही. शमिकाची शाळा मी तोडणार नाही. म्हणजे निम्मं वर्ष ती तुमच्यापाशी. तुम्ही नसाल तर यातलं काहीच होणार नाही, आणि तुम्ही म्हणालात नको, तर नको. हे मी तुम्हाला बांधून घालायला लिहीत नाही. पण आल्टर्सहाइमच्या बाईला सांगा, तुम्ही रिकामे नाही.

मी पाक वारसितोंना सांगितलं की तुम्ही माझे वडील नाहीत, सासरे आहात, माझा नवरा तुमचा मुलगा होता. त्यांना ते पटेना. म्हणाले, "सासऱ्याने असं पत्र लिहिलेलं मी ऐकलेलं नाही. मुलीचे वडील आल्याशिवाय आम्ही पुढचं बोलणार नाही. त्यांना बोलव."

तुमची,
मालविका

—

नेकारसुल्म, ७ मार्च २००४

चि. सौ. कां. मालविका हिस अनेक आशीर्वाद.

मायना वाचून दचकू नकोस. मी विचार करून लिहिला आहे. तुझ्या मायन्यात तीर्थस्वरूपचं तीर्थरूप झालं, तेही मी बघितलं.

तुझं पत्र आल्यावर मी दोन दिवस उत्तर लिहायला घेतलं नाही. रागाने नाही. आनंद झाला की वाईट वाटलं ते ठरेना. काल समरच्या फोटोसमोर बसून त्याला सगळं वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. जिवंतपणीही तो फार बोलत नसे, त्याला पटलं की पेपर उघडायचा. पाच वर्षं झाली, अजून मला वाटतं, पलीकडच्या खोलीत पेपर उघडल्याचा आवाज येईल. आला नाही. तेव्हा मीच त्याच्या वतीने हो म्हटलं. माझ्या वतीने म्हणायला आणखी एक दिवस लागला. आज म्हणतो. हो.

शमिकाला सांगायचं काम तू करणार होतीस. पण मला घरात गुपित ठेवून जेवण जाईना. मी तिला समोर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "शमे, तुझ्या आईला एक गुरुजी..." एवढ्यावर ती म्हणाली, "ना एन्टलिश!" म्हणजे एकदाचं झालं. म्हटलं, तुला कधीपासून माहीत? "जाइट ऑक्टोबर, आबा." तू तिला फोनवर त्यांचं नाव दर वेळी घेत होतीस म्हणे. मी डिसेंबरापासून वारसितोंच्या घराण्यात कोड शोधत बसलो होतो आणि तिने तोंडातून शब्द काढला नाही. मी रागावलो. मग ती मराठीत म्हणाली, "तुम्ही मला विचारलं नाही." पहिलंच वाक्य ती आपणहून मराठीत बोलली, म्हणून सोडून दिलं.

तिला सहा महिने मी सांभाळेन का, हा प्रश्न नाही. आत्ता कोण सांभाळतं आहे? कधी कधी ती मला सांभाळते, ते वेगळं. ऑफिसला होकार कळवून टाक. आल्टर्सहाइमच्या बाईचा फोन आला होता. मी म्हटलं, "आल्झो, मला जमणार नाही, घरी काम आहे." ती म्हणाली, जागा भरून जाईल. म्हटलं, भरू द्या.

चारुदत्तला मी शमिकाकडून पुण्याला ई-मेल करवला. त्याने दोन ओळींत कळवलं, 'आबा, तुम्ही म्हणाल ते.' माणसं जबाबदारी किती झटकन देतात.

पाक वारसितोंना निरोप दे की मी येतो. शमिकाच्या शाळेला पेंटेकॉस्टची सुट्टी लागते मेच्या शेवटी, तेव्हा. फ्राऊ शॉयफेलेंना विचारलं, त्या आठवड्यातली आमची पाटी तुम्ही घ्याल का? त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सुनेचं लग्न आहे. त्यांनी मला आत बोलावून बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. लग्न कुठे, कुणाशी, सगळं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "आणि तुम्ही कोण म्हणून जाणार?" मला लगेच सांगता आलं नाही. घरी येताना जिन्यात सुचलं, पण परत जाऊन सांगणं बरं दिसलं नसतं.

आता माझी खरी काळजी. मला मुलगी नव्हती. समरच्या लग्नात मी मुलाचा बाप होतो. मी खुर्चीवर बसून होतो आणि तुझे बाबा, देव त्यांना सद्गती देवो, सकाळपासून मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही, बसा. मुलाकडच्यांनी म्हणायचं नसतं असं मला वाटलं. मुलीच्या बापाचं काम मी कधी केलेलं नाही, आणि आता चुकलो तर परत करायला मिळणार नाही.

म्हणून विचारतो. तिथे मुलीच्या बापाला कुठे उभं राहावं लागतं? सपाटीवर की उतारावर? किती वेळ? मध्ये बसलेलं चालतं का? माझे गुडघे तुला माहीत आहेत, पण त्यांच्यामुळे तुला कमीपणा येता कामा नये. मी रोज जेवण झाल्यावर खिडकीपाशी उभं राहायची सवय करतो आहे. मात्र नक्की किती उभं राहायचं ते कळल्याशिवाय माझी तयारी होणार नाही. बटाट्याचा ट्रक निघायच्या आत चार ओळी टाक. लवकर कळव.

तुझा,
आबा